प्रवाशाचा मित्र कोण?

॥ श्रीपांडुरंग प्रसन्न ॥

महाभारताच्या वनपर्वात यक्ष आणि धर्मराज यांचा जो संवाद आहे, तो आपणांपैकी बहुतेकांनी पुराणिकांच्या मुखातून ऐकला असेल. तळ्याच्या काठी चार भाऊ निश्चेष्ट पडले आहेत, स्वतःचा कंठ तहानेने कोरडा पडला आहे, आणि अशा वेळी धर्मराजास यक्षाच्या एकामागून एक प्रश्नांची उत्तरे द्यावयाची आहेत. त्यांतील एक प्रश्न असा की, घर सोडून निघालेल्या प्रवाशाचा मित्र कोण? धर्मराज उत्तर देतो, सार्थ. त्याच ओघात तो आणखी तीन मित्र सांगतो. घरी राहणाऱ्याचा मित्र त्याची पत्नी, रोग्याचा मित्र वैद्य आणि मरणोन्मुख माणसाचा मित्र दान. या चार उत्तरांपैकी पहिले उत्तर आम्ही आज विचारासाठी घेतले आहे. चौथ्याकडे शेवटी वळू.

सार्थ म्हणजे एकाच वाटेने जाणाऱ्यांचा तांडा. पूर्वी व्यापारी, यात्रेकरू, विद्यार्थी, संन्यासी असे नाना प्रकारचे लोक अरण्यातून एकत्र जात. ते एका गावचे नसत, एका कुळाचे नसत, पुष्कळदा एका भाषेचेही नसत. त्यांस एकत्र बांधणारी गोष्ट एकच, ती म्हणजे वाट. आपण नित्याच्या बोलण्यात 'साथ' म्हणतो, तो शब्द याच 'सार्थ' शब्दाचा वंशज आहे. येथे एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. ज्याचे चारही भाऊ डोळ्यांसमोर पडलेले आहेत, तो धर्मराज 'प्रवाशाचा मित्र भाऊ' असे म्हणत नाही. भावांवर त्याचे प्रेम नव्हते असे कोण म्हणेल? परंतु रक्ताचे नाते जन्माने मिळते आणि वाटेचे नाते चालण्याने मिळते, हा भेद त्या ज्ञानी पुरुषास ठाऊक होता.

हा भेद स्पष्ट करणारे एक उदाहरण आमच्या वाचनात आले. ते कोणा साधुपुरुषाचे नाही, एका सायकलस्वाराचे आहे. तथापि सत्य जेथे दिसेल तेथून घ्यावे, अशीच आपल्या परंपरेची शिकवण आहे. श्रीमद्भागवतातील अवधूताने तर मधमाशी, मासा आणि कोळी यांसही गुरू केले.

१९२४ साली मुंबईचे फ्रामरोझ दावर नावाचे पारशी गृहस्थ सायकलीवर जगप्रवासास एकटेच निघाले. बरोबर सोबती नाही, मागून सामान घेऊन येणारी मोटार नाही. व्हिएन्ना हे युरोपातील नगर येईपर्यंत ते एकटेच होते. तेथे त्यांस गुस्ताव्ह श्ताव्यानिक नावाचा दुसरा सायकलस्वार भेटला. एकाचा जन्म मुंबईच्या पारशी समाजातला, दुसरा ऑस्ट्रिया देशातला. धर्म निराळा, मातृभाषा निराळी, अन्न निराळे. परंतु वाट एक झाली आणि तेथून पुढे ते दोघे मिळून निघाले. त्यांनी सहारा वाळवंट ओलांडले, दक्षिण अमेरिकेतील अँडीज पर्वत ओलांडला, ॲमेझॉन नदीचे घोर अरण्य पार केले. १९३१ साली हा प्रवास संपला. ५२ देश आणि सुमारे १,१०,००० किलोमीटर अशी त्याची नोंद आहे. या प्रवासाविषयी दावरांनी पुढे ग्रंथही लिहिले.

याच्या जोडीला दुसरे उदाहरण ठेवावे. दावर निघण्यापूर्वी काही महिने, ऑक्टोबर १९२३ मध्ये, मुंबईहून सहा पारशी तरुण असेच सायकलींवर जगप्रवासास निघाले होते. सहाजण म्हणजे चांगला भरभक्कम मेळावा. परंतु निरनिराळ्या कारणांनी तिघांनी वाटेतच प्रवास सोडला. आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भुमगरा हे तिघे मार्च १९२८ मध्ये सुमारे ७१,००० किलोमीटर पुरे करून परत आले. ज्यांनी मध्येच प्रवास सोडला त्यांस दोष देण्याचे काहीच कारण नाही. प्रत्येकाचे प्रारब्ध आणि प्रत्येकाची शक्ती निराळी. पण या दोन कथा शेजारी ठेवल्या म्हणजे एक गोष्ट डोळ्यांत भरते. सहाजण निघाले त्यांतले तीन उरले, आणि एकटा निघाला त्याचे दोन झाले.

यावरून पहिला बोध असा की, सोबत ही निघण्याची अट नव्हे, ते निघण्याचे फळ आहे. आपणांपैकी किती जण म्हणतात, "कोणी बरोबर असेल तर वारीस जाईन", "घरातले सगळे बसतील तर मी हरिपाठास बसेन", "समवयस्क कोणी येत असेल तर मंदिरात येईन". अशा वाट पाहण्यात वर्षे निघून जातात. दावर मुंबईच्या दारातच सोबत्याची वाट पाहत बसले असते, तर श्ताव्यानिक त्यांस कधीच भेटला नसता, कारण तो मुंबईत नव्हता, तो वाटेवर होता. देवानेही आपला सोबती आपल्या उंबरठ्यावर ठेवलेला नसतो. तो पुढच्या कोणत्या तरी गावी असतो आणि तेथवरचे अंतर आपणांसच तोडावे लागते.

आता कोणी विचारील की, जो एकटा इतका दूर जाऊ शकतो, त्यास सोबत हवीच कशाला? सोबती काही त्याच्या सायकलीचे पायटे मारीत नाही. प्रश्न रास्त आहे. याचे उत्तर सायकलीच्या शास्त्रातच सापडते आणि ते परमार्थालाही जसेच्या तसे लागू पडते.

आपल्याच वाटेचा विचार करा. शहापुराहून एखादा सायकलस्वार आषाढात पंढरीस निघाला. काकती, हत्तरगी, संकेश्वर मागे टाकीत तो निपाणीकडे चालला आहे. मोकळ्या माळावर पश्चिमेचा पावसाळी वारा सुटलेला आहे. सपाट रस्त्यावर बऱ्या वेगाने जाणाऱ्या सायकलस्वाराची बहुतेक शक्ती रस्ता कापण्यात खर्च होत नाही, ती हवेस बाजूला सारण्यात खर्च होते. अशा वेळी दुसरा कोणी पुढे चालला असेल आणि हा त्याच्या आडोशाने, जवळून चालला, तर याचे श्रम पाव हिश्श्याने, कधी त्याहूनही अधिक कमी होतात. पाय त्याचे त्यालाच हलवावे लागतात, पण छातीवरचा वारा दुसऱ्याने घेतलेला असतो. सत्संग म्हणतात तो हाच. संत आपले नामस्मरण आपल्यासाठी करून देत नाहीत. ते प्रपंचाचा वारा काही काळ आपल्या अंगावर घेतात, आणि तेवढ्या आडोशात आपण अधिक दूर जातो.

परंतु सायकलस्वारांचा यापुढचा एक नियम आहे, तो फार महत्त्वाचा आहे. पुढे असणारा सदैव पुढे राहत नाही. थोडे अंतर वारा खाल्ल्यावर तो बाजूस होतो, सर्वांच्या मागे जातो, आणि दुसरा पुढे येतो. याप्रमाणे आळीपाळीने सर्वजण वारा घेतात. जो केवळ आडोसा घेतो आणि आपली पाळी आली म्हणजे मागेच रेंगाळतो, त्याचे नाव त्या मंडळींत चांगले राहत नाही. तसेच पुढच्याने खड्डा दिसताच हाताने खूण करावयाची असते, कारण मागच्यास तो दिसत नाही. पुढच्याने खूण केली नाही, तर मागचे सगळे एकावर एक पडतील. तेव्हा पुढे असणे हा मान नव्हे, ती जबाबदारी आहे; आणि मागे असणे हा कमीपणा नव्हे, तो विश्वास आहे.

आणखी एक नवल शास्त्रज्ञांनी अलीकडे मोजून दाखविले आहे. मागे कोणी अगदी जवळून चालत असेल, तर पुढच्या माणसाचाही भार किंचित हलका होतो. पुढच्याच्या पाठीशी हवेची जी पोकळी निर्माण होऊन त्यास मागे ओढीत असते, ती मागचा माणूस काही अंशी भरून काढतो. लाभ थोडाच असतो, पण असतो खरा. ज्यास आपण आडोसा देतो, तो आपल्या नकळत आपणांसही पुढे ढकलतो. परोपकारात देणाराच अधिक मिळवतो असे आपले वडील सांगत आले. त्याचा असा पुरावा हवेतही सापडावा, हे विधात्याचे कौतुकच होय.

मात्र हा आडोसा सर्वत्र चालत नाही. संकेश्वराच्या पुढे तवंदीचा घाट लागतो. चढावर वेग मंदावतो आणि मग वाऱ्याचा प्रश्नच उरत नाही. तेथे ज्याचा भार त्यानेच वर न्यावयाचा असतो. कोणाच्याही मागे राहून चढ सोपा होत नाही. आयुष्यातही असे घाट आहेत. वियोग, असाध्य व्याधी, मनातला पश्चात्ताप, यांच्या चढावर सोबती आपला भार उचलू शकत नाही. तो एवढेच करू शकतो की, घाटमाथ्यावर थांबून राहावे. जो आधी पोहोचला आणि मागच्यासाठी थांबला, त्याच्या त्या थांबण्याचे मोल चढणारासच कळते. दुःखी माणसाच्या घरी जाऊन काय बोलावे हे सुचत नाही, म्हणून पुष्कळ जण जातच नाहीत. त्यांनी हे ध्यानात ठेवावे. तेथे बोलावयाचे काही नसते, फक्त थांबावयाचे असते.

दूरच्या सायकलप्रवासाची एक शिस्तबद्ध रीत आज जगभर रूढ आहे, आणि महाराष्ट्रात व कर्नाटकातही तिचे अनेक अनुयायी आहेत. तिला ब्रेव्हे म्हणतात. २०० किलोमीटर साडेतेरा तासांत, ३०० किलोमीटर २० तासांत, ४०० किलोमीटर २७ तासांत, ६०० किलोमीटर ४० तासांत, अशा तिच्या मर्यादा आहेत. ठरलेल्या ठाण्यांवर आपली नोंद करून पुढे जावयाचे. दोन ठाण्यांच्या मध्ये बाहेरच्या मोटारीचे साहाय्य घ्यावयाचे नाही; चाक पंक्चर झाले तरी आपले आपण जोडावयाचे. अशा प्रकारे प्रत्येक जण स्वावलंबी असतो, परंतु वाटेवरच्या एका सायकलस्वाराने दुसऱ्यास हात देण्यास मनाई नाही. आणि विशेष हे की, येथे पहिला, दुसरा असे क्रमांक लावीत नाहीत. वेळेत पोहोचला तो उत्तीर्ण. या यात्रांतील सर्वांत प्रसिद्ध म्हणजे फ्रान्समधील पॅरिस ते ब्रेस्ट आणि परत अशी सुमारे १,२०० किलोमीटरची यात्रा. तिचा आरंभ १८९१ साली शर्यत म्हणून झाला. पुढे मात्र तिचे स्वरूप पालटले, आणि आज चार वर्षांनी एकदा जगातले हजारो लोक केवळ ती पुरी करण्यासाठी जमतात. तेथे रात्री अंधारात एकट्याने जाणाऱ्यास पुढे दूरवर एक तांबडा दिवा दिसतो. तो कोणाचा, हे ठाऊक नसते. पण वाट चुकलेली नाही आणि आपण एकटे नाही, एवढे त्या दिव्याने कळते.

सज्जनहो, हे सर्व वाचताना आपणांस वारीचे स्मरण झाले असेल. तेथेही क्रमांक नाही. तेथेही ज्याचे पाय त्यानेच उचलावयाचे, आणि तरीही कोणी एकटा नसतो. एकटा आलेला मनुष्य दिंडीत शिरला की त्यास कोणी नाव विचारीत नाही, गाव विचारीत नाही. त्यास 'माउली' म्हणतात आणि त्याच्या पायांस हात लावतात. आपल्या जिल्ह्याचे तर या सोहळ्याशी विशेष नाते आहे. ज्ञानेश्वर माउलींच्या पालखीपुढे जे अश्व चालतात, ते चिकोडीजवळच्या अंकली गावच्या शितोळे सरकारांचे. हैबतबाबा आरफळकरांनी पालखी सोहळ्यास आजचे रूप दिले, तेव्हापासून अंकलीच्या या घराण्याची सेवा चालत आली आहे. दोन अश्वांपैकी एकावर स्वार असतो आणि दुसरा मोकळा असतो. त्यावर प्रत्यक्ष माउली आरूढ आहेत असा वारकऱ्यांचा भाव आहे. ज्यास आपण रिकामे म्हणतो, तेथेही कोणी तरी आहे असे मानून चालणे, ही वारीची शिकवण होय. एकट्या वाटसरूने याहून अधिक आश्वासन कोणते मागावे?

अलीकडच्या काळात या परंपरेस एक नवी शाखा फुटली आहे. नाशिकच्या सायकलस्वारांनी २०१२ च्या सुमारास पंढरपूरची सायकलवारी सुरू केली, आणि आता महाराष्ट्रातील निरनिराळ्या नगरांतून सायकलस्वारांचे मेळे आषाढीपूर्वी पंढरीस जातात. तेथे सायकलींचे रिंगणही होते. काही वृद्धांस हे थिल्लर वाटेल. आम्हांस तसे वाटत नाही. वाहन कोणतेही असो, आपल्या पायांनी चालवावयाचे, एकमेकांसाठी थांबावयाचे आणि शेवटी चंद्रभागेच्या तीरी माथा टेकावयाचा, एवढे असले म्हणजे वारीचा प्राण त्यात आहे.

आता एक शंका उरते. शास्त्रांनी एकांताची स्तुती केली आहे; मग संगतीची एवढी महती का? या शंकेचे उत्तर नामदेव आणि ज्ञानदेव यांच्या तीर्थयात्रेत आहे. संतचरित्रांत अशी कथा आहे की, ज्ञानदेवांनी नामदेवांस तीर्थयात्रेस बरोबर चलण्याची विनंती केली, तेव्हा पांडुरंगास सोडून जाणे नामदेवांच्या जिवावर आले. अखेर पांडुरंगानेच त्यांचा हात ज्ञानदेवांच्या हाती दिला. विचार करा, जो योगी आणि ज्ञानी होता, त्यास सोबतीची काय उणीव होती? पुढे मारवाडच्या रखरखीत प्रदेशात दोघांस तहान लागली. विहीर होती, पण पाणी फार खोल होते. ज्ञानदेव योगबळाने सूक्ष्म होऊन आत उतरले आणि पाणी पिऊन आले. नामदेवांनी मात्र विठ्ठलास हाक मारली, आणि ती विहीर काठोकाठ भरून वाहू लागली. एकाचे बळ निराळे, दुसऱ्याचे निराळे. ज्ञानदेव एकटे गेले असते तर त्यांची तहान भागली असती. नामदेव बरोबर होते म्हणून मागून येणाऱ्या सर्व वाटसरूंची भागली. एकांत मनुष्यास खोल नेतो, आणि संगतीने ते खोलचे पाणी काठावर येते. दोन्ही हवीत. संगती आधी नव्हे, एकांतही अखेरचा नव्हे.

हा विचार आपल्या शहापुरास कसा लागू पडतो, ते आता पाहू. हे गाव सीमेवरचे. १९४८ पर्यंत शहापूर सांगली संस्थानात होते आणि शेजारचे बेळगाव १९४७ पर्यंत इंग्रजी अंमलात. पुढे संस्थाने विलीन झाली, प्रांत बदलले, राज्यांच्या सीमा आखल्या गेल्या. पण पंढरीची वाट बदलली नाही. त्या वाटेवर मराठी बोलणारा जातो, तसा कानडी बोलणाराही जातो. ज्ञानदेवांनी विठ्ठलास कानडा म्हटले आहे, आणि पंढरपूरच्या मंदिरात कर्नाटकाच्या पुरंदरदासांच्या नावाचा स्तंभ आजही भाविकांस दाखवितात. दावर आणि श्ताव्यानिक यांची मातृभाषा एक नव्हती, म्हणून सहारा ओलांडताना त्यांचे काही अडले नाही. आपल्या मंदिरात आपल्या शेजारी टाळ घेऊन उभा असलेला मनुष्य कोणत्या भाषेत हरीचे नाव घेतो, यावरून आपण त्यास दूर लोटू लागलो, तर सार्थाचा अर्थच आपणांस कळला नाही.

दुसरी गोष्ट याहून जवळची आहे. आपल्या अनेक घरांतील मुले पुण्यास, बंगळुरास, कित्येकांची परदेशी आहेत. ती आपल्या वाटेने गेली, हे योग्यच झाले. पण मागे राहिलेले आईवडील सायंकाळी मंदिरात एकटे येतात, खांबाशी टेकून बसतात, तीर्थप्रसाद घेतात आणि एकटेच परत जातात. उलट बाजूस, कामधंद्यासाठी परगावाहून येथे आलेली तरुण मंडळी दाराशी उभी राहून हात जोडतात आणि ओळख नसल्यामुळे आत येऊन बसत नाहीत. दोघेही एकाच मंडपात, दोघेही एकाच वाटेचे, आणि दोघेही एकटे. एवढ्या जवळ असूनही ती भेट होत नसेल, तर आपण सभासदांनी आपल्या मनास काही प्रश्न विचारावयास हवेत.

म्हणून आम्ही तीन साध्या गोष्टी सुचवितो. एकादशीच्या भजनास ज्याची ओळख नाही अशा एकाशी तरी प्रत्येकाने बोलावे. घरचे क्षेम विचारावे, आणि तो उभा असेल तर त्यास आपल्या सतरंजीवर जागा द्यावी. दुसरे, जो नेहमी येणारा, तो लागोपाठ दोन एकादशांस दिसला नाही, तर त्याच्या घरी कोणी तरी जाऊन यावे. निरोप पाठवून भागवू नये. तिसरे, मंदिराच्या कामात वर्षानुवर्षे तेच चार-सहा जण वारा खात पुढे आहेत. उत्सवाची व्यवस्था, प्रसादाचा स्वयंपाक, वृद्धांस हात धरून आणणे आणि पोहोचविणे, ही कामे आळीपाळीने झाली पाहिजेत. ज्यांनी आजवर आडोसा घेतला, त्यांची आता पुढे होण्याची पाळी आहे. आणि जे पुढे आहेत त्यांनीही जागा अडवून न धरता आनंदाने मागे यावे.

आता धर्मराजाच्या चौथ्या उत्तराकडे वळू. सार्थ हा प्रवाशाचा मित्र खरा, पण तोही अखेरपर्यंत पुरत नाही. सहांचे तीन होतात, तिघांचा एक होतो. महाप्रस्थानाच्या वेळी स्वतः धर्मराजाची पत्नी आणि चारही भाऊ एकेक करून वाटेत राहिले, आणि शेवटी एक श्वान तेवढा बरोबर उरला. त्यास टाकून स्वर्गात यावयास धर्मराज तयार झाला नाही. तळ्याकाठी दिलेले उत्तर त्याने हिमालयात आचरून दाखविले. वाटेचा सोबती तो सोबती. मग तो कोणत्याही योनीतला असो. आणि मरणोन्मुखाचा मित्र दान, हे त्याचे चौथे उत्तर याच पहिल्या उत्तरास येऊन मिळते. कारण दान म्हणजे केवळ द्रव्य नव्हे. दुसऱ्यासाठी आपल्या छातीवर घेतलेला वारा हेही दानच होय. शेवटच्या घाटावर, जेथे कोणी कोणाबरोबर येऊ शकत नाही, तेथे आपण कोणाकोणाच्या पुढे होऊन वारा घेतला होता, तेवढेच आपल्याबरोबर येते.

असो. ज्यास सोबती नाही त्याने वाट पाहत न बसता निघावे. जो निघाला आहे त्याने मागे वळून पाहावे. आणि ज्यास आडोसा मिळाला त्याने आपली पाळी ओळखावी. अशी बुद्धी आम्हां सर्वांस व्हावी, आणि आमच्या या लहानशा सार्थात कोणीही एकटा राहू नये, हीच पांडुरंगाच्या चरणी प्रार्थना.

॥ श्रीकृष्णार्पणमस्तु ॥